उपेंद्रकिशोर रायचौधुरी : मुलांसाठी विज्ञान आणि चित्राचा खरेपणा

बंगाली बालसाहित्याच्या इतिहासकारांनी उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांना नेहमीच मानाचे स्थान दिले आहे. परंतु ते स्थान मुख्यतः कथाकाराचे आहे. 'टुनटुनीर बोई'मधील लोककथा, मुलांसाठी सांगितलेले रामायण आणि महाभारत, 'गुपी गाइन ओ बाघा बाइन' ही अद्भुतकथा, एवढ्या सामग्रीवर त्यांचे मूल्यमापन बहुधा पुरे होते. बंगालबाहेर तर सुकुमार राय यांचे वडील आणि सत्यजित राय यांचे आजोबा हीच त्यांची ओळख झाली आहे. मुद्रणकलेच्या इतिहासात त्यांचे नाव वेगळ्याच कारणासाठी येते. तेथे ते हाफटोन ठशांचे एक मूलगामी अभ्यासक असतात. या दोन इतिहासांच्या मधल्या जागेत त्यांचे १९०३ सालचे 'सेकालेर कथा' हे पुस्तक आणि प्राणी, आकाश, सृष्टी यांविषयी मुलांसाठी लिहिलेले त्यांचे लेख एखाद्या ओळीच्या उल्लेखावर राहून गेले आहेत. वस्तुतः कथाकार आणि ठसेकार हे उपेंद्रकिशोर ज्या बिंदूवर एकत्र येतात तो बिंदू हाच होय. जिज्ञासू मुलाला सृष्टीविषयी खरे सांगावयाचे, तर चित्रही खरे असले पाहिजे, ही त्यांच्या आयुष्यातील एक मोठी ओढ होती आणि तिच्यासाठी त्यांनी आपली बुद्धी, पैसा व प्रकृती खर्ची घातली.

त्यांचा जन्म मे १८६३ मध्ये मैमनसिंह जिल्ह्यातील मसूया या गावी झाला. हा भाग आता बांगलादेशाच्या किशोरगंज जिल्ह्यात मोडतो. वडील कालीनाथ राय हे अरबी, फारसी व संस्कृत या तिन्ही भाषांचे जाणकार होते. मुलाचे मूळ नाव कामदारंजन. वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास नात्यातीलच जमीनदार हरिकिशोर रायचौधुरी यांनी त्याला दत्तक घेतले आणि कामदारंजनाचा उपेंद्रकिशोर झाला. थोरले बंधू शारदारंजन हे गणित व संस्कृतचे अध्यापक आणि बंगालमधील क्रिकेटचे आद्य प्रचारक म्हणून प्रसिद्ध झाले. धाकट्या भावांपैकी कुलदारंजन हे मुलांसाठी लिहिणारे लेखक झाले, तर प्रमदारंजन हे सर्व्हे खात्यात जाऊन ब्रह्मदेशाच्या अरण्यांत हिंडले. विद्या, खेळ, चित्र आणि भ्रमंती यांना सारखाच मान देणाऱ्या या कुळाची नोंद घेणे आवश्यक आहे. कारण पुढे उपेंद्रकिशोरांच्या मासिकाला पहिले लेखक याच घराने पुरविले.

मैमनसिंहच्या जिल्हा शाळेतून प्रवेश परीक्षा देऊन ते कलकत्त्यास आले आणि १८८४ मध्ये पदवीधर झाले. याच काळात ते ब्राह्म समाजाकडे ओढले गेले. दत्तक घराणे सनातनी असल्यामुळे हा निर्णय सुखाचा नव्हता. तथापि त्यांनी तो बदलला नाही. पुढे ब्राह्म समाजातील निर्भीड सुधारक द्वारकानाथ गंगोपाध्याय यांची कन्या बिधुमुखी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. द्वारकानाथांच्या द्वितीय पत्नी कादंबिनी या भारतातील पहिल्या स्त्री पदवीधरांपैकी एक आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकून व्यवसाय करणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांपैकी एक होत. कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील १३ क्रमांकाच्या ज्या मोठ्या घरात ही मंडळी राहत, ते घर ब्राह्म समाजाच्या मंदिरासमोरच होते. उपासना, संगीत, स्त्रीशिक्षण आणि वैद्यक यांची चर्चा एकाच छताखाली चालणाऱ्या या वास्तूत उपेंद्रकिशोरांचा संसार सुरू झाला. ते स्वतः व्हायोलिन उत्तम वाजवीत, पखवाजाचे जाणकार होते आणि त्यांनी रचलेली ब्रह्मसंगीताची पदे गायिली जात.

मुलांसाठी लिहिण्यास त्यांनी विद्यार्थिदशेतच आरंभ केला. १८८३ मध्ये प्रमदाचरण सेन यांनी 'सखा' हे मासिक काढले आणि उपेंद्रकिशोर त्यात लिहू लागले. या मासिकाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. भारतीय भाषांत मुलांसाठी विज्ञानविषयक मजकूर तेव्हा नवा नव्हता. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये काढलेल्या 'दिग्दर्शन' या मासिकात भूगोल व पदार्थविज्ञान यांवर लेख येत. कलकत्ता स्कूल बुक सोसायटीने १८२२ मध्ये 'पश्वावली' ही मालिका सुरू केली. तिच्या एकेका अंकात एकेका प्राण्याची माहिती आणि त्याचे लाकडी ठशाचे चित्र असे. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच नावाचे 'दिग्दर्शन' १८४० मध्ये सुरू केले. या सर्व उपक्रमांचा सूर शाळेचा होता. ज्ञान वरून खाली द्यावयाचे आणि मुलाने ते नम्रपणे घ्यावयाचे, ही त्यामागील बैठक होती. 'सखा' आणि त्यानंतर १८९५ मध्ये शिवनाथ शास्त्री यांच्या संपादकत्वाखाली निघालेले 'मुकुल' यांनी हा सूर बदलला. या मासिकांतील लेखक मुलाला विद्यार्थी न मानता सोबती मानू लागले. जगदीशचंद्र बसू यांच्यासारख्या वैज्ञानिकानेही 'मुकुल'मध्ये मुलांसाठी वनस्पतींच्या जीवनाविषयी लिहिले, यावरून या बदलाचे गांभीर्य कळून येते.

मराठीतही याच सुमारास असाच प्रयत्न चालू होता. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' सुरू केले आणि ते अखेरपर्यंत, म्हणजे १९१४ पर्यंत, निष्ठेने चालविले. चरित्र, निबंध, कविता आणि शास्त्रीय विषय यांचा नियमित क्रम ठेवून ओकांनी मराठी मुलांसाठी एक सुबोध गद्य घडविले. दोघांची कालमर्यादा जवळजवळ एक, वाचकवर्ग समान आणि सांगण्याची कळकळही समान होती. परंतु ओकांचा सारा भर शब्दावर होता. उपेंद्रकिशोर मात्र एका टप्प्यावर शब्दापाशी थांबू शकले नाहीत. तो टप्पा चित्राचा होता.

उपेंद्रकिशोर स्वतः चित्रकार होते. १८९० नंतरच्या दशकात त्यांचे 'छेलेदेर रामायण' छापले गेले तेव्हा त्यांनी काढलेली चित्रे लाकडावर कोरून घ्यावी लागली. छापून आलेली चित्रे पाहून ते अत्यंत निराश झाले. ही निराशा केवळ कलावंताच्या अभिमानाची नव्हती. लाकडी ठशात मूळ चित्र दुसऱ्याच्या हातून जाते. छायेच्या सर्व छटा कोरणाऱ्याला रेघांत बसवाव्या लागतात आणि त्या बसविताना तो आपल्या समजुतीप्रमाणे काही गाळतो, काही घालतो. रामाच्या मुकुटाची एखादी रेघ चुकली तर रामकथेला बाध येत नाही. परंतु कोळ्याला आठांऐवजी सहा पाय कोरले गेले, किंवा एखाद्या पक्ष्याच्या चोचीचा बाक सरळ झाला, तर शेजारचा मजकूर कितीही अचूक असो, मूल चुकीचेच शिकते. कारण मूल आधी चित्र पाहते आणि मग वाचते. पुराणकथेत चित्र हा अलंकार असू शकतो, सृष्टिविज्ञानात ते साक्षीदाराच्या जागी उभे असते. साक्षीदार मध्यस्थाच्या हाती सोपविता येत नाही, ही जाणीव उपेंद्रकिशोरांच्या पुढील सर्व उद्योगाच्या मुळाशी दिसते.

युरोपात १८८० नंतर हाफटोनची पद्धत विकसित होत होती. उपेंद्रकिशोरांनी तीविषयीची पुस्तके मिळविली, स्वखर्चाने इंग्लंडहून कॅमेरा व यंत्रसामग्री मागविली आणि १८९५ मध्ये आपला व्यवसाय सुरू केला. तोच पुढे 'यू. राय अँड सन्स' म्हणून नावाजला. राहत्या घराच्या एका खोलीची अंधारखोली झाली. शिकविणारा कोणी नव्हता, विलायतेस ते कधीच गेले नाहीत. पुस्तके, उपकरणे आणि स्वतःचे गणित हेच त्यांचे गुरू होते.

या पद्धतीचे तत्त्व थोडक्यात असे. छायाचित्रातील करड्या छटा छापखान्याच्या शाईने थेट उमटत नाहीत. शाई एक तर लागते किंवा लागत नाही. म्हणून कॅमेऱ्यात संवेदनशील काचेच्या किंचित पुढे आडव्या-उभ्या बारीक रेघांची एक जाळीदार काच बसवितात. जाळीच्या प्रत्येक चौकटीतून येणारा प्रकाश एक ठिपका निर्माण करतो आणि प्रकाशाच्या कमी-अधिक प्रमाणानुसार त्या ठिपक्याचा आकार बदलतो. त्यावरून धातूच्या पत्र्यावर केलेला ठसा छापला की गडद जागी मोठे आणि उजळ जागी लहान ठिपके उमटतात आणि डोळ्याला सलग छटांचा भास होतो. त्या काळचे बहुतेक कारागीर जाळी आणि काच यांमधील अंतर अनुभवाने व अंदाजाने ठरवीत. उपेंद्रकिशोरांनी हा अंदाज नाकारला. जाळीची प्रत्येक चौकट ही जणू एक सूक्ष्म छिद्रकॅमेरा आहे, असे धरून त्यांनी ठिपका कसा घडतो याचे गणित मांडले. लंडनहून निघणाऱ्या पेनरोज वार्षिकात १८९७ पासून १९१२ पर्यंत त्यांचे लेख प्रसिद्ध होत राहिले. जाळी आपोआप योग्य अंतरावर आणण्याची युक्ती, साठ अंशांच्या कोनात छेदणाऱ्या रेघांची जाळी, जाळीतून जाताना प्रकाशाचे होणारे विवर्तन आणि भिंगापुढे अनेक छिद्रांचा पडदा वापरण्याची रीत हे त्यांचे विषय होते. पारतंत्र्यातील एका शहरात, घरगुती प्रयोगशाळेत बसून एका बालसाहित्यिकाने जगातील अग्रगण्य मुद्रणतज्ज्ञांच्या बरोबरीने केलेली ही चर्चा होती.

त्यांच्या ठशांचा लाभ सर्व बंगाली नियतकालिकांना झाला. रामानंद चट्टोपाध्याय यांच्या 'प्रवासी' आणि 'मॉडर्न रिव्ह्यू' या मासिकांतील चित्रे त्यांच्या कारखान्यात तयार होत आणि नवी भारतीय चित्रकला सामान्य वाचकापर्यंत पोहोचण्यास त्यामुळे मोठे साह्य झाले. परंतु उपेंद्रकिशोरांच्या दृष्टीने या सर्व कौशल्याचा हक्काचा धनी लहान मूलच होते.

१९०३ मध्ये प्रसिद्ध झालेले 'सेकालेर कथा' हे पुस्तक त्याची साक्ष देते. मनुष्य पृथ्वीवर येण्यापूर्वी जे प्राणी वावरत होते आणि आता नामशेष झाले आहेत, त्यांची ही सचित्र हकीकत होय. चित्रे अर्थातच लेखकाची आहेत. बंगाली 'कथा' या शब्दाचा अर्थ मराठीपेक्षा व्यापक आहे. कल्पित गोष्ट तर तो दाखवितोच, पण बोलणे, वार्ता, हकीकत यांनाही कथाच म्हणतात. रामायण सांगणाऱ्याच्या तोंडी जी भाषा होती, त्याच ओघवत्या, घरगुती भाषेत लेखक येथे लक्षावधी वर्षांपूर्वीच्या सृष्टीविषयी बोलतो. मूल राक्षसांच्या कथेइतक्याच उत्कंठेने हे प्राणी पाहते. फरक इतकाच की हे राक्षस खरोखरच होऊन गेले.

हा विषय चित्रकाराची कसोटी पाहणारा होता. वाघाचे चित्र चुकले तर पशुसंग्रहालयात जाऊन ते पडताळता येते. नामशेष प्राणी मात्र कोणीच पाहिलेला नाही. दगडात सापडलेली हाडे, त्यांची तुलना आणि तीवरून काढलेले अनुमान, एवढ्यावरच त्याचे रूप उभे राहते. म्हणजे येथील चित्र दृश्याची नक्कल नसून तर्काची निष्पत्ती असते. मुलाच्या मनात भय आणि विस्मय जागविण्यासाठी त्या तर्काबाहेर पाऊल टाकण्याचा मोह चित्रकाराला सहज होऊ शकतो. ज्याने पुराणांतील राक्षस मनमुराद रंगविले, त्याच हाताने येथे संयम पाळावयाचा होता. उपेंद्रकिशोरांचे मोठेपण असे की त्यांनी या दोन्ही प्रांतांत मनापासून संचार केला; पण त्यांच्या सीमा एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. अद्भुताची गोडी लावण्यासाठी विज्ञान खोटे करावे लागत नाही आणि विज्ञानाचा मान राखण्यासाठी राक्षसकथा हद्दपार कराव्या लागत नाहीत, हा त्यांच्या साऱ्या लेखनातून निघणारा निष्कर्ष आहे.

या निष्कर्षाला संस्थेचे रूप मिळाले ते 'संदेश' या मासिकाने. बंगाली सन १३२० च्या वैशाखात, म्हणजे १९१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत, त्याचा पहिला अंक निघाला. संदेश म्हणजे बातमी आणि संदेश म्हणजे बंगाली छेन्याची प्रसिद्ध मिठाई. दोन्ही अर्थ संपादकाला अभिप्रेत होते. गोष्टी, पुराणकथा, कविता आणि कोडी यांच्या बरोबरीनेच प्राणी, शोध, यंत्रे आणि दूरचे देश यांविषयीचे लेख त्यात असत. पुष्कळसा मजकूर संपादक स्वतः लिहीत, चित्रे काढीत आणि त्यांचे ठसेही आपल्याच कारखान्यात करीत. लेखणीपासून छापील पानापर्यंत मध्ये परका हात नसावा, ही वीस वर्षांपूर्वीची इच्छा येथे पूर्ण झाली. प्रमदारंजनांनी अरण्यातील अनुभव लिहिले, कुलदारंजनांनी परदेशी कथा आणल्या, कन्या सुखलता लिहू व चित्रे काढू लागल्या. ज्येष्ठ पुत्र सुकुमार १९११ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंडला गेले होते. लंडन व मँचेस्टर येथे मुद्रणतंत्राचा अभ्यास करून आणि पित्याच्या पद्धतीची उपयुक्तता तेथे प्रात्यक्षिकाने दाखवून १९१३ मध्येच ते परतले. १९१४ मध्ये गडपार रोडवरील १०० क्रमांकाची, उपेंद्रकिशोरांनी स्वतः आखलेली वास्तू उभी राहिली. घर, छापखाना आणि मासिक तेथे एकत्र नांदू लागले.

त्याच १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. फाळकेही छायाचित्रण, ठसे आणि रंगीत छपाई यांतूनच पुढे आले होते. एकाने यंत्रातून निघालेले चित्र पडद्यावर नेले, दुसऱ्याने ते मुलाच्या मांडीवरील पानावर आणले. बाहेरून आलेले तंत्र केवळ वापरावयाचे नाही, ते मुळापासून समजून घेऊन आपल्या कामी लावावयाचे, हा त्या पिढीचा बाणा दोघांतही दिसतो.

उपेंद्रकिशोरांना 'संदेश'चे सुख फार काळ लाभले नाही. त्यांना मधुमेहाने ग्रासले होते आणि त्यावर तेव्हा खात्रीचा इलाज नव्हता; इन्शुलिनचा शोध लागण्यास आणखी सहा वर्षे जावयाची होती. हवापालटासाठी गिरिडीहला जाऊनही उतार पडला नाही. गुपी आणि बाघा यांची कथा 'संदेश'मध्ये आली ती याच अखेरच्या वर्षी. २० डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मासिकाची धुरा सुकुमारांनी उचलली. आज ते निरर्थकाव्याचे अद्वितीय कवी म्हणून ओळखले जातात; परंतु 'संदेश'साठी त्यांनी विज्ञानावर विपुल आणि अतिशय स्वच्छ गद्य लिहिले, याचा बहुधा विसर पडतो. त्यांच्या 'हेशोराम हुशियारेर डायरी' या विनोदी लेखनात एक शोधप्रवासी नाना तऱ्हेचे अजब प्राणी शोधतो आणि त्यांना शास्त्रीय थाटाची नावे देतो. ज्या वाचकांनी 'सेकालेर कथा' आणि त्यासारखे लेख वाचले होते, त्यांनाच या विडंबनाची पुरती गंमत कळली असणार. खरे विज्ञान परिचित असेल तेथेच त्याची थट्टा रंगते. १९२३ मध्ये सुकुमारही काळाआजाराने गेले. वय अवघे ३५. पुढे छापखाना घराण्याच्या हातून गेला आणि 'संदेश' बंद पडले. मध्ये एकदा त्याचे पुनरुज्जीवन झाले, परंतु तेही टिकले नाही. १९६१ मध्ये सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह ते पुन्हा काढले. पुढे लीला मजुमदार आणि नलिनी दास या उपेंद्रकिशोरांच्या अनुक्रमे पुतणी व नात संपादनात सहभागी झाल्या. सत्यजितांच्या वैज्ञानिक शंकूची पहिली कथा १९६१ मध्ये याच मासिकात आली आणि 'गुपी गाइन बाघा बाइन' हा चित्रपट १९६९ मध्ये निघाला.

बंगालीतील मुलांसाठीच्या विज्ञानलेखनाचा प्रवाह या एका घरापुरता मर्यादित नाही. शांतिनिकेतनचे अध्यापक जगदानंद राय यांनी ग्रहतारे, कीटक, वनस्पती आणि पक्षी यांवर पुस्तके लिहिली. रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये 'विश्वपरिचय' लिहून ते सत्येंद्रनाथ बसूंना अर्पण केले. तरीही उपेंद्रकिशोरांचा वाटा वेगळा राहतो. इतरांनी मुलांसाठी विज्ञान लिहिले. त्यांनी मुलाला ते दाखविण्याची जबाबदारी घेतली आणि दाखविण्याचे साधन अपुरे आहे असे आढळताच त्या साधनाचेच विज्ञान हाती घेतले. अंधारखोलीत मोजलेले ते अंतर आणि 'सेकालेर कथा'मधील सोपे वाक्य ही एकाच प्रामाणिकपणाची दोन रूपे आहेत. भारतीय भाषांतील साहित्येतिहास बहुधा शब्दांचाच हिशेब ठेवतात. त्यामुळे कथाकार उपेंद्रकिशोर त्यांत आले आणि ठसेकार उपेंद्रकिशोर बाहेर राहिले. मुलांच्या ज्ञानग्रंथांचा इतिहास जेव्हा नीट लिहिला जाईल, तेव्हा चित्राचाही हिशेब मांडावा लागेल आणि त्यात पहिल्या काही नोंदींत मसूया गावच्या या माणसाचे नाव घालावे लागेल.